बट्टा कोणाच्या नावावर?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मोबाइलच्या, सोन्याच्या किंवा फ्रीज-टीव्हीच्या दुकानात काउंटरवर एक छोटी पाटी कधी कधी दिसते. ‘क्रेडिट कार्डवर दोन टक्के जादा.’ पाटी नसली, तर विक्रेता तोंडी सांगतो. आपण थोडी कुरकुर करतो, पैसे देतो किंवा खिशातून नोटा काढतो. ही नव्या जमान्याची नवी कटकट आहे, असे आपल्याला वाटते. पण कटकट जुनी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती भोगली आहे आणि तिला मराठीत एक सोपे नावही आहे. ते नाव म्हणजे बट्टा.

‘त्याच्या नावाला बट्टा लागला’ असे आपण सहज म्हणतो. हा शब्द पैशाच्या पेढीवरचा. एका ठिकाणचे नाणे दुसऱ्या ठिकाणी चालवताना, किंवा झिजलेले नाणे घेताना, सराफ त्याच्या किमतीतून काही भाग कापून घेई. ती कपात म्हणजे बट्टा. माणूस तोच, रुपया तोच, पण किंमत कमी. म्हणूनच बट्टा हा शब्द पुढे अब्रूलाही चिकटला असावा.

माझा आजचा विषय विंचूरच्या परिसराभोवती फिरणार आहे. निफाड तालुक्यातले हे गाव नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे. लासलगाव इथून हाकेच्या अंतरावर आणि येवलाही फार लांब नाही. इतिहासात गावाचे नाव विंचूरकर सरदारांमुळे गाजले. विठ्ठल शिवदेव विंचूरकर १७६१ साली पानिपतावर लढले. पुण्यातला विंचूरकर वाडा लोकमान्य टिळकांच्या वास्तव्यामुळे आपल्याला ठाऊक असतो. पण मला आज सरदारांच्या तलवारीपेक्षा बाजारातल्या तराजूबद्दल बोलायचे आहे.

पेशवाईच्या काळात आपल्याकडे एकच रुपया नव्हता. विंचूरच्या उत्तरेला चांदवड आहे. तिथे होळकरांच्या अमलातली टाकसाळ होती. तिचा रुपया चांदोडी रुपया म्हणून दूरवर ओळखला जाई. पुण्याकडे अंकुशी रुपया चाले. गोदावरीपलीकडे निजामाचा मुलूख, तिथला रुपया निराळा. प्रत्येकाचे वजन आणि चांदीचा कस वेगळा. त्यामुळे गाडीभर धान्य विकून आलेल्या शेतकऱ्याच्या पदरात रुपये पडले, तरी सारा भरताना किंवा सावकाराचे देणे फेडताना ‘हा रुपया चालणार नाही, बट्टा पडेल’ हे ऐकावेच लागे. सराफ नाणे वाजवून पाही, कसाला लावी, त्यावर बारीक खूण ठोके. त्या खुणांमुळे नाणे पुढच्या वेळी आणखी विद्रूप दिसे आणि बट्टा मागायला आणखी एक निमित्त मिळे.

सराफाची बाजूही ऐकायला हवी. नाणे पारखणे हे कसबाचे काम होते. खोट्या नाण्याची जोखीम त्याच्या माथी होती. त्याबद्दल मोबदला मागणे हा अन्याय नव्हे. तीच गोष्ट हुंडीची. विंचूरहून पुण्याला रोकड पाठवायची तर वाटेत लुटारूंची भीती. त्यापेक्षा पेढीवर पैसे भरावेत, हुंडी घ्यावी आणि पुण्यातल्या पेढीवर ती वटवावी. या सोयीसाठी जी रक्कम द्यावी लागे, तिला हुंडणावळ म्हणत. पैसा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप नेण्याची ती मजुरी होती. आज कार्डाचे यंत्र जे काम करते, ते त्या काळी हुंडीचा कागद करत होता. फरक एवढाच, की हुंडणावळ किती हे हुंडी घेणाऱ्याला आधी माहीत असे. बट्टा किती पडणार, हे मात्र सराफाच्या तोंडून बाहेर पडल्यावरच कळे. अडलेल्या माणसाला बट्टा जास्त आणि ओळखीच्याला कमी. अडला हरी म्हणतात तो हाच.

या गोंधळावर पहिला मोठा उपाय १८३५ साली झाला. कंपनी सरकारने त्या वर्षी नाणेविषयक कायदा करून १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या मुलखात लागू केला. लोक त्याला कलदार म्हणू लागले. सरकारने हे परोपकारासाठी केले नाही. सारा गोळा करणे आणि व्यापार वाढवणे हा त्यांचा हेतू होता. पण इंग्रजी मुलखात हळूहळू सराफाचा बट्टा संपत गेला. कायद्याने ‘बट्टा घेऊ नका’ असे नुसते बजावले असते, तर तो थांबला नसता. बट्ट्याचे कारणच काढून घेतले, म्हणून तो थांबला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

विंचूर-येवल्याच्या लोकांची मात्र बट्ट्यातून पुरती सुटका झाली नाही. वैजापूर ओलांडायची गरज नव्हती, वैजापूरच निजामाचे होते. तिथे हाली रुपया चाले. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, असा हिशेब होता. बाजारहाट, सोयरीक, उरूस, जत्रा यांसाठी लोक सरहद्द रोज ओलांडत आणि दर वेळी हा हिशेब मनात मांडत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतरही काही वर्षे हाली नाणे व्यवहारातून निघाले नव्हते. म्हणजे आपल्या भागात बट्टा ही पेशवाईतली पुराणकथा नाही. ती स्वातंत्र्यानंतरचीही आठवण आहे.

मी कवितेचा माणूस. शब्दांच्या वाटा पाहायची मला सवय. सराफ, दलाल, हमाल हे तिन्ही शब्द मुळात अरबी. ते आपल्या बाजारात आले आणि इतके मराठी झाले, की आज त्यांना कोणी परके म्हणणार नाही. शब्दांनी सरहद्द ओलांडली तेव्हा त्यांना बट्टा पडला नाही. पडला तो त्या शब्दांच्या दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला.

नाण्यांचा बट्टा गेला, पण बाजारातल्या कपाती राहिल्या. जुन्या काळी शेतमाल विकायला आणला, की हिशेबातून काय काय कापले जाई, त्याची यादी पाहा. आडत, दलाली, हमाली, तोलाई, मापाई, नमुन्याचा माल, कडता, धर्मादाय, पांजरपोळ, झाडूवाला, पाणक्या, राखणदार. भाव ठरे तोही रुमालाखाली, दलाल आणि खरेदीदार यांच्या बोटांच्या खुणांनी. शेतकरी शेजारी उभा, पण आपल्या मालाचा सौदा कितीला झाला हे त्याला दिसत नसे. बरे, या प्रत्येक कपातीला काही ना काही कारण होते. झाडणाऱ्याने झाडले होते, हमालाने पोते उचलले होते. प्रश्न इतकाच होता, की या सगळ्यांचे पैसे एकट्या विकणाऱ्यानेच का द्यायचे? आणि किती द्यायचे हे कोण ठरवणार?

१९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक शाही आयोगाने बाजारांवर नियमन हवे, असे सांगितले. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ सालीच कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा आणि १९३९ साली शेतमाल बाजारांचा कायदा झाला. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. विंचूर हे तिचे उपबाजार आवार. पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आला. या कायद्यांनी उघड लिलाव आणला, मान्य खर्चाचे दर ठरवले, बाकी कपातींना मनाई केली आणि विकणाऱ्याच्या हातात हिशेबपट्टी द्यायला लावली. माझ्या मते यातली सर्वांत मोठी क्रांती त्या पट्टीची. कागदाचा एवढासा तुकडा, पण त्यामुळे काय कापले हे शेतकऱ्याला घरी जाऊन दुसऱ्याकडून वाचून घेता येऊ लागले. दिसणाऱ्या कपातीशी भांडता येते. न दिसणाऱ्या कपातीशी कोण भांडणार?

आणि भांडण झालेच. मुख्य मुद्दा आडतीचा होता. आडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो, पैशाची हमी घेतो, म्हणून शेकडा काही रक्कम घेतो. समजा, वीस क्विंटल कांदा पंधराशे रुपये भावाने गेला. झाले तीस हजार. शेकडा सहा आडत धरली, तर अठराशे रुपये गेले. ते खरेदीदाराने द्यावेत की शेतकऱ्याने? डिसेंबर २०१४ मध्ये पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून आडत घेऊ नये असा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी विरोध केला आणि आदेशाला लगेच स्थगिती मिळाली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदारावर टाकली. त्यावर राज्यभर बाजार बंद झाले. नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव कित्येक दिवस ठप्प होते आणि चाळीतला कांदा सडत होता.

पुढे जे झाले ते फार शिकवून जाणारे आहे. शेतकऱ्याने कांदा सुटा न आणता गोणीत भरून आणावा, असा आग्रह व्यापाऱ्यांनी धरला. गोणीची किंमत आली, भरण्याची मजुरी आली. आडत पट्टीवरून उतरली आणि गोणीत जाऊन बसू पाहत होती! शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कांदा पुन्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सुटा येऊ लागला. आणि एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई आणि त्यावरची लेव्ही यांच्या वादात जिल्ह्यातल्या बाजार समित्या पुन्हा बंद पडल्या.

इथे हमालाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हमाली ही लूट नव्हे, ती घामाची मजुरी आहे. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आणि अण्णासाहेब पाटील यांच्या माथाडी चळवळीने त्या मजुरीला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६९ साली माथाडी कायदा झाला. लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी अशा गोष्टी मिळतात. ती रक्कम बुडावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. वाद आहे तो ती कोणाच्या खिशातून जावी, याचा.

आता पुन्हा दुकानातल्या पाटीकडे येऊ. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले. जेवणाऱ्याने सही करायची, हॉटेलाला पैसे क्लबने द्यायचे आणि त्यातून शेकडा सात कापून घ्यायचे. म्हणजे कार्डाच्या जन्मापासूनच बट्टा विकणाऱ्याच्या नावावर लिहिला गेला. भारतात १९८० मध्ये सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड आणले आणि हा हिशेब आपल्याकडेही आला. या कपातीला आज ‘मर्चंट डिस्काउंट रेट’ म्हणजे एमडीआर म्हणतात. तिचे वाटेकरी तीन. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, दुकानात यंत्र बसवणारी बँक आणि या दोघींना जोडणारे जाळे. वर तिच्यावर अठरा टक्के जीएसटी.

दुकानदाराचे गणित साधे असते. वीस हजारांच्या मोबाइलवर समजा त्याला शेकडा चार, म्हणजे आठशे रुपये सुटतात. गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्ड घासले आणि शेकडा दोन गेले, तर चारशे रुपये गेले. निम्मा नफा! म्हणून तो पाटी लावतो. यंत्र देणाऱ्या बँकेशी केलेल्या करारात ‘कार्डावर जादा आकार घेणार नाही’ असे लिहिलेले असते, पण तो करार गिऱ्हाइकाने कधी पाहिलेला नसतो.

माझ्या अनुभवातली एक गोष्ट. एका दुकानात मी घरासाठी एक वस्तू घेतली. कार्ड पुढे केल्यावर ‘सर, दोन टक्के पडतील’ असे उत्तर आले. मी म्हटले, हरकत नाही, पण ते दोन टक्के बिलावर लिहा. विक्रेता हसला, म्हणाला, तसे लिहीत नाहीत. मला दोन टक्क्यांपेक्षा ते हसू जास्त लागले. विंचूरच्या आवारात कांदा विकणाऱ्याला जी पट्टी मिळते, तेवढीही सोय मला, शहरातल्या शिकलेल्या गिऱ्हाइकाला, तिथे मिळाली नाही.

रिझर्व्ह बँकेने यात काहीच केले नाही असे नाही. सप्टेंबर २०१२ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरवर मर्यादा आली. दोन हजारांपर्यंत पाऊण टक्का, त्यावर एक टक्का. सप्टेंबर २०१३ मध्ये, डेबिट कार्डावर गिऱ्हाइकाकडून जादा आकार घेणे समर्थनीय नाही आणि असे करणाऱ्या दुकानदारांशी बँकांनी संबंध तोडावेत, असे तिने बजावले. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. कांद्याच्या व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांना धनादेश दिले. धनादेश वटेपर्यंत थांबण्याचे हालही शेतकऱ्यांनीच सोसले. जानेवारी २०१७ मध्ये बँकांनी पेट्रोलपंपांवर एक टक्का लावायचे ठरवले, तेव्हा पंपचालकांनी कार्डच न घेण्याचा इशारा दिला आणि सरकारला मध्ये पडावे लागले. जानेवारी २०१८ पासून डेबिट कार्डासाठी छोट्या दुकानदाराला ०.४० टक्के आणि मोठ्याला ०.९० टक्के अशी कमाल मर्यादा आली. हा भार गिऱ्हाइकावर टाकू नये, हेही सांगितले गेले. जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर एमडीआर शून्य झाला.

हा शून्य फार बोलका आहे. भाजीवाल्याच्या हातगाडीवर यूपीआयचा कोड लावलेला असतो आणि तिथे दोन टक्के जादाची पाटी नसते. कारण जादा मागायला निमित्तच उरले नाही. १८३५ ची गोष्ट आठवा. मात्र यंत्रणा फुकट चालत नाही. २०२४-२५ या वर्षात छोट्या यूपीआय व्यवहारांसाठी केंद्र सरकारने सुमारे दीड हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. म्हणजे हुंडणावळ आता काही अंशी करदात्याच्या नावावर आहे. क्रेडिट कार्डाचे मात्र तसे नाही. त्याच्या एमडीआरवर डेबिट कार्डासारखी कमाल मर्यादा घातलेली नाही. म्हणूनच ती पाटी क्रेडिट कार्डाच्याच वाट्याला येते.

नाव बदलून कपात परत येते, हेही आपण पाहिले. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावरचा सेवा आकार नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद झाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सोय आकार’ म्हणून परतला. पण त्याचे दर जाहीर आहेत आणि ते तिकिटावर लिहिलेले असतात, हे मान्य करायला हवे.

जगानेही यात वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये दुकानदाराला कार्डावर जादा आकार घ्यायची मोकळीक दिली. गिऱ्हाइकाला खरा खर्च दिसेल आणि बँका दर उतरवतील, अशी कल्पना होती. पण काहींनी खर्चापेक्षा जास्त आकारायला सुरुवात केली. मग २०१६ मध्ये अवाजवी आकारणीवर बंदी आली आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने हा अधिभारच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. युरोपने उलट वाट धरली. २०१५ मध्ये त्यांनी आधी बँकांचा आपसातला आकार डेबिटसाठी ०.२ आणि क्रेडिटसाठी ०.३ टक्क्यांवर बांधला आणि मग जानेवारी २०१८ मध्ये गिऱ्हाइकाकडून जादा घ्यायला बंदी केली. आधी कारण कमी केले, मग मनाई केली. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो.

कोणी म्हणेल, बंदी घातली की काम झाले. तसे होत नाही. बंदी घातली आणि दर तसाच ठेवला, तर दुकानदार ते दोन टक्के सगळ्यांच्याच भावात मिसळतो. मग कार्ड नसलेली, रोख पैसे देणारी मोलकरीण किंवा शेतमजूर त्याच दुकानात कार्डवाल्याच्या ‘रिवॉर्ड पॉइंट’चे पैसे नकळत भरतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यात मसाला शेजाऱ्याच्या खर्चाने! उघड पाटी निदान खर्च करणाऱ्याकडूनच पैसे मागते. म्हणून पाटी लावणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण पाटी लावून बिलावर न लिहिणाऱ्याला काय म्हणावे, हे तुम्हीच ठरवा.

विंचूर-लासलगावच्या पट्टीने आपल्याला जे शिकवले ते दुकानालाही लागू पडते. कपातीचा दर कोणीतरी तिऱ्हाइताने बांधून द्यावा. जे कापले ते कागदावर लिहिलेले असावे. तक्रार घेऊन जायला एक दार असावे. आणि एका रकान्यातून काढलेली रक्कम दुसऱ्या रकान्यात, गोणीत किंवा ‘सोयी’त शिरते आहे का, यावर लक्ष असावे. डेबिट कार्ड आणि यूपीआयच्या बाबतीत यातले बरेचसे झाले आहे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत व्हायचे आहे.

तोवर आपल्या हातात एक छोटी गोष्ट आहे. दोन टक्के द्यावे लागले, तर खुशाल द्या किंवा देऊ नका, पण बिलावर लिहून मागा. रुमालाखालचा सौदा शेतकऱ्याने असाच मोडला होता. काय चालले आहे ते दाखवा, एवढेच त्याने मागितले होते आणि त्यासाठी त्याला दीर्घकाळ भांडावे लागले. आपल्याला तर फक्त काउंटरवर दोन मिनिटे उभे राहायचे आहे.